भार आणि पीळ

'चाकोरीबाहेरचे' हे विशेषण मराठी समीक्षेने इतके वापरले आहे की आता त्याचीच एक चाकोरी झाली आहे. चाकोरीबाहेरची कविता, चाकोरीबाहेरची नायिका, चाकोरीबाहेरचे जगणे. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना हा शब्द दर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर भेटतो. आणि चाकोरी म्हणजे मुळात काय, असे वर्गात विचारले की शेतकऱ्यांची मुलेसुद्धा 'रूढ पद्धत' असे पुस्तकी उत्तर देतात. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेले दोन समांतर चर. ओल्या मातीतून गाड्या गेल्या की ते पडतात, ऊन लागले की दगडासारखे घट्ट होतात, आणि मग पुढच्या प्रत्येक गाडीला त्यांतूनच जावे लागते. चाक बाहेर काढायचे तर एक बाजू वर चढते, दुसरी खाली राहते, गाडी कलते आणि सगळा ताण एका वस्तूवर येतो. ती वस्तू म्हणजे आस. चाकोरीबाहेर जाणाऱ्यांची स्तुती आपण पुष्कळ केली. त्यांच्या आसाचे पुढे काय होते, याची चर्चा आपल्या समीक्षेत कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

आस हा शब्दही बघण्यासारखा आहे. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी ज्याभोवती फिरते तो आस. अभंगात आणि पत्रात भेटते ती आशेची आस. रूप एक, कुळे दोन. आमच्या गावाकडे गाडीच्या संदर्भात 'आख' म्हणतात, तो संस्कृत 'अक्ष'पासून प्राकृत 'अक्ख'मार्गे आलेला सरळ वंशज. लॅटिनमधला 'अ‍ॅक्सिस' आणि इंग्रजीतला 'अ‍ॅक्सल' हे याच घराण्यातले दूरचे भाऊबंद. त्यामुळे परभणीच्या जिंतूर रोडवरचा मिस्त्री जेव्हा "एक्सल गेला" म्हणतो, तेव्हा तो परका शब्द वापरतो असे म्हणणे शुद्धिवाद्यांनाही जड जावे.

या मिस्त्रीकडे मला जावे लागले त्याचे कारण आमचे अण्णा. माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, राहणे अजूनही शेतातल्या आखाड्यावर. आखाडा म्हटल्यावर मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कुस्ती आठवेल. आमच्याकडे आखाडा म्हणजे शेतातली वस्तीची जागा, गोठा, कडब्याची गंजी आणि एक पत्र्याची खोली. डांबरी सडकेपासून तिथवर अडीच किलोमीटर पांदण आहे आणि मध्ये एक ओढा. पांदणीला सरकारी कागदात पाणंद म्हणतात. शब्द सुधारल्याने चिखल कमी झालेला नाही.

परभणीची काळी जमीन ही कापसाची, सोयाबीनची, तुरीची जमीन म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर पुष्कळ कविताही झाल्या आहेत. पण ती रस्ता म्हणून वापरावी लागते तेव्हा तिचे दुसरे रूप दिसते. या मातीतील चिकण खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात लोण्यासारखा चिखल. तो चिखल चाकाला नुसता लागत नाही, तो चढतो. थर वर थर बसून टायरच्या खाचा भरतात आणि खाचांचे टायर गुळगुळीत होऊन जाते. मोटारसायकल मडगार्डमध्ये अडकून उभी राहते. कर्णाच्या रथाचे चाक पृथ्वीने गिळले तेव्हा शाप कामी आला, असे व्यास सांगतात; आमच्याकडचा शेतकरी शापाची गरज मानणार नाही.

२०२१ साली आम्ही भावांनी मिळून एक जुनी जिप्सी घेतली ती एवढ्यासाठी. कुणा सरकारी खात्याच्या लिलावातून निघून दोन-तीन हात फिरलेली. मारुतीची ही गाडी १९८५ साली बाजारात आली, सैन्यात आणि पोलिसांत आयुष्य काढून २०१८-१९च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद झाली; २०२३ मध्ये तिच्याच कुळातली जिम्नी भारतात विकायला आली, पण ती प्राध्यापकाच्या पगारात आणि शेताच्या उत्पन्नात बसत नव्हती. जिप्सी हलकी, अरुंद, चारही चाकांना जोर देणारी. हलकेपणा हा तिचा मोठा गुण, कारण काळ्या मातीत जड वाहन आधी रुतते. आधीच्या मालकाने तिला मोठी टायरे चढवली होती. मूळ माप २०५/७० आर १५. हिच्या पायात २३५/७५. दिसायला रुबाबदार.

२०२४च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ते दिवस अनेकांना आठवत असतील. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी अण्णांच्या छातीत दुखू लागले. त्यांना पुढच्या सीटवर बसवून मी ओढ्यात गाडी घातली. पाणी गुडघाभर होते. पलीकडचा चढ चढताना मागचे डावे चाक चिखलात गरगर फिरू लागले आणि फिरता फिरता त्याला खाली दगड लागला. एक आवाज झाला. बाभळीची वाळलेली फांदी मोडावी तसा, पण लोखंडाचा. अण्णा छातीवरचा हात न काढता म्हणाले, "आख गेला." त्यांनी जिप्सीचे बॉनेटही कधी उघडून पाहिलेले नव्हते. गाडी पुढच्या चाकांच्या ओढीवर थोडी सरकली, मग थांबली. शेवटी शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरला टोचन लावून आम्ही सडकेवर आलो. यात पाऊण तास गेला. नांदेडला त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि ते वाचले. हृदयाच्या स्नायूच्या हिशेबात पाऊण तास म्हणजे किती, हे डॉक्टरांनी नंतर मला समजावून सांगितले. ते इथे लिहीत नाही.

दसऱ्यानंतर अण्णा पुन्हा आखाड्यावर गेले. गावात किंवा परभणीत राहण्याचा विषय त्यांनी काढू दिला नाही. तेव्हा उरला प्रश्न आसाचा.

मिस्त्रीने तुटलेला शाफ्ट बाहेर काढला. म्हणजे अर्धा काढला. दुसरा तुकडा आत, मधल्या गोळ्यात अडकून राहतो. तो काढायला दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तिकडून सळईने ढोसावे लागते, किंवा काठीला लोहचुंबक बांधून आत घालावा लागतो. पोटात राहिलेले बाणाचे टोक काढण्यासारखाच प्रकार. तुकडा निघाल्यावर त्याने तुटलेले तोंड पुसून माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "सर, बघा. हा ओढ्यात नाही तुटला. ओढ्यात फक्त संपला."

तोंडावर दोन प्रकारचा पृष्ठभाग होता. कडेचा काही भाग गुळगुळीत, काळसर, शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषांचा. उरलेला खडबडीत, दाणेदार, चांदीसारखा चमकणारा. चमकणारा भाग त्या दिवशी तुटला. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी भेग. महिनोन्महिने ती एकेक रेष आत सरकत होती आणि दोन्ही काठ एकमेकांवर घासून गुळगुळीत होत होते. सुरुवात झाली होती शाफ्टवरचे दाते, मिस्त्री ज्यांना स्प्लाइन म्हणतो ते, जिथे संपतात त्या रेषेपाशी. आकार जिथे अचानक बदलतो तिथे ताण गोळा होतो, हा यंत्रशास्त्राचा जुना नियम आहे. कादंबरीतले पात्र एका प्रसंगात कोसळते तेव्हा आपण विद्यार्थ्यांना तो प्रसंग शोधायला लावतो. मी तरी यापुढे गुळगुळीत भाग शोधायला सांगणार आहे.

आता थोडे आसाच्या स्वभावाविषयी. ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बैलगाडीचा आख फिरत नाही. तो साटीखाली पक्का असतो आणि चाके त्याच्या टोकांवर फिरतात. बैल ओढतात ते जुवाला, चाकाला नव्हे. म्हणून बैलगाडीच्या आखावर फक्त भार असतो. तो वाकू शकतो, वाकून मोडू शकतो, पण त्याला कुणी पिळत नाही. मोटारीत इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचवायचा तर आसाला स्वतः फिरावे लागते, म्हणजे पीळ सोसावा लागतो. आणि जिप्सीसारख्या छोट्या गाडीच्या मागच्या बाजूला हाच शाफ्ट चाकाचा भारही वाहतो. अवजड ट्रकांत तशी व्यवस्था नसते. तिथे बाहेरचे जाड नळकांडे, हाउसिंग, सगळा भार पेलते आणि आतला शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करतो. तो बाहेर ओढून काढला तरी ट्रक चाकांवर उभा राहतो. मिस्त्री पहिल्या प्रकाराला सेमी-फ्लोटिंग आणि दुसऱ्याला फुल-फ्लोटिंग म्हणतो. मराठीत सांगायचे तर एकात भार आणि पीळ एकाच्याच माथी, दुसऱ्यात दोघांनी वाटून घेतलेले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला यापेक्षा अधिक खुलासा लागू नये. थोरला मुलगा कोणत्या प्रकारचा शाफ्ट असतो, ते मी थोरला असल्याने सांगत नाही.

मोठ्या टायरांनी नेमके काय केले, तेही यातून उलगडते. टायरचा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी वाढला म्हणजे तरफेची भुजा तेवढी वाढली. जमिनीने चाक अडवले की आसाला बसणारा पीळ त्या प्रमाणात वाढतो. लो गिअरमध्ये इंजिनाचा जोर आधीच गुणत गुणत आलेला असतो. त्यात चिखलात वेगाने फिरणारे चाक एकाएकी दगडाला थबकले की बसतो तो झटका. ओढून धरलेला दोर तुटत नाही, हिसका दिला की तुटतो, तसे. रुबाबाची किंमत दात्यांच्या शेवटच्या रेषेने भरली.

हे सगळे ऐकताना मला एक जुने वाचन आठवत होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश गुरूला विचारतो की आयुष्याचे माप ठरलेले असते की नाही. काळमृत्यू आणि अकाळमृत्यू असे दोन प्रकार कसे मानायचे? आत्रेय उत्तर देतात ते गाडीच्या अक्षाच्या दृष्टांताने. चांगल्या लाकडाचा, सर्व गुणांनी युक्त अक्ष नीट वापरला तर झिजून झिजून आपल्या वेळी संपतो, तो काळमृत्यू. तोच अक्ष मध्येच मोडतो, आणि का मोडतो याची आत्रेयांनी दिलेली यादी कोणत्याही गॅरेजच्या भिंतीवर लावावी अशी आहे: भार फार झाला, वाट उंचसखल होती, वाट नव्हतीच, चाक मोडले, बैलाचा किंवा हाकणाऱ्याचा दोष, खीळ निसटली, वंगण नव्हते, गाडी उलटली. वाट नसलेल्या जागेला तिथे शब्द आहे 'अपथ'. 'ऑफ-रोड'ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. वैद्याला माणसाच्या आयुष्याविषयी बोलताना आख आठवावा, यात मला त्या काळच्या रस्त्यांचा पुरावा दिसतो. ऋग्वेदातल्या दीर्घतमसाच्या सूक्तात तर असे चाक कल्पिले आहे की त्याचा अक्ष अपार भार वाहूनही तापत नाही आणि मोडत नाही. न मोडणारा आख हे देवांचे लक्षण ठरते, याचा अर्थ माणसांचे रोज मोडत असावेत.

मिस्त्री वैद्यासारखाच बोलत होता. आस मजबूत करायचा तर वाटा तीन, असे त्याचे म्हणणे. पहिली जाडी. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. व्यास दहा टक्के वाढला तर ताकद सुमारे तेहेतीस टक्के वाढते. पण शाफ्टचे दाते गोळ्यातल्या गिअरमध्ये बसले पाहिजेत, आणि त्या गिअरचे भोक ठरलेले आहे. ते बदलायचे तर आतले सगळेच बदला. दुसरी वाट पोलादाची. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले ईएन-२४ जातीचे पोलाद घ्यायचे, लेथवर कातायचे आणि मग त्याला पाणी द्यायचे. पाणी देणे हा लोहाराचा शब्द. तापवून तेलात किंवा पाण्यात विझवणे आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा उतरवणे. दुसरी पायरी विसरली तर पोलाद कठीण होते, पण काचेसारखे. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून मिळेल का, असे मी विचारले तेव्हा मिस्त्रीने वर पाहिलेही नाही. वेल्डिंगच्या आगीत दिलेले पाणी उतरते, एवढेच म्हणाला.

तिसरी वाट आकाराची, आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटली. शाफ्टचा मधला भाग दात्यांच्या तळाइतका बारीक करायचा. कानाला उलटे वाटते. मजबूत करायचे आणि कातून कमी करायचे? पण मधला भाग जाड असला की तो पिळला जात नाही आणि सगळा झटका दात्यांच्या शेवटी गोळा होतो. मधला भाग बारीक आणि एकसारखा असला की झटका बसताच सगळा शाफ्ट आपल्या पूर्ण लांबीत थोडा पिळतो आणि परत सुटतो. कडक ओळीपेक्षा लवचीक ओळ अर्थाचा अधिक ताण सोसते, असे आपण छंदाविषयी शिकवतो. उपमा ताणत नाही. शाफ्टचे उदाहरण ऐकून तिचाही मधला भाग मी बारीकच ठेवतो.

मग मिस्त्रीने तो प्रश्न विचारला. "सर, शाफ्ट मजबूत करून टाकू. पन उद्या तुटायचं काय, ते आधी सांगा."

मला वाटले, तो थट्टा करतो आहे. परभणीच्या माणसाच्या तोंडी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असतेच. पण त्याचा प्रश्न नेमका होता. झटका कुठेतरी जाणारच. शाफ्ट तुटेनासा झाला की क्राउन-पिनियनचे दात उडतील. तेही भक्कम केले तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस जाईल. पुढच्या बाजूला तर चाक वळते तिथला जोड आधीच नाजूक. शाफ्ट गेला तर तासाभरात बदलता येतो: चाक काढा, ड्रम काढा, बोल्ट सोडा, ओढा. क्राउन-पिनियन गेले तर गाडी तिथेच राहते. शिवाय शाफ्ट कुठे तुटतो यालाही महत्त्व. गोळ्याजवळ तुटला तर चाक जागेवर राहते. चाकाजवळ, बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निसटून जाते. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा भरू लागली. अशा स्पर्धांतले गडी सुटे भाग बरोबर बाळगतात आणि चिखलातच बदलतात. ते चिखल शोधत जातात, हा त्यांच्यातला आणि आमच्यातला फरक.

अण्णांना मी हा प्रश्न सांगितला. ते बाजेवर बसून दोर वळत होते. म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या गाडीला बाभळीचा आख होता. दर दोन-तीन वर्षांनी मोडायचा. सुतार बलुत्यावर नवा घालून द्यायचा. पुढे लोखंडी आख आला. तो काही मोडला नाही, पण चाकाचा तुंबा फुटायला लागला. मग आली टायरची गाडी, डनलॉप. तिचा आखही मोडेना, चाकही फुटेना. "मग लोकांनी तिच्यात दुप्पट माल भरला. मग बैल बसायला लागले." एवढे बोलून त्यांनी पुन्हा दोराला पीळ द्यायला सुरुवात केली. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलांच्या ताकदीवर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. ही साखळी तिथे कुणी मांडली असेल तर मला वाचायला आवडेल.

त्यांना मी विचारले नाही की आता तुम्ही परभणीला का येत नाही. ते आखाड्यावर राहतात म्हणून जिप्सी आहे, जिप्सी आहे म्हणून ते राहू शकतात. यांतले कोणते टोक आधी सोडायचे ते मला समजत नाही. आस बळकट करणे म्हणजे त्यांना तिथे आणखी एक पावसाळा राहू देणे. कुटुंबातला ताण त्यामुळे नाहीसा होत नाही, पुढच्या जोडावर सरकतो. हे धाकट्या भावाला दिसते, माझ्या पत्नीला दिसते, आणि अण्णांना तर सर्वांत आधी दिसले असणार. तरीही मी मिस्त्रीला होकार दिला.

शेवटी केले ते असे. मागचे दोन्ही शाफ्ट ईएन-२४चे, मध्ये बारीक केलेले, कोपरे गोल केलेले. मोठी टायरे उतरवून मूळ मापाची, पण खोल खाचांची घातली. मिस्त्रीच्या मते अर्धी मजबुती याच कामात आली आणि याचे त्याने पैसे घेतले नाहीत. पुढचा जोड तसाच ठेवला. काही गेलेच तर तो जावा, आणि मागच्या चाकांवर गाडी सडकेपर्यंत यावी, असा हिशेब. मागच्या सीटखाली एक सुटा शाफ्ट, पाने, आणि काठीला बांधलेला लोहचुंबक. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असे आपण म्हणतो. वंगणाचा नळा गाडीला टांगलेला असायचा म्हणून. आता नळ्याच्या जागी चुंबक यात्रेला निघाला आहे.

२०२५चा सप्टेंबरही मराठवाड्याला फार वाईट गेला. पांदण बंद झाली, ओढा दोनदा भरून आला. त्या महिन्यात जिप्सी पाच वेळा आखाड्यावर गेली आणि पाच वेळा परत आली. चौथ्या वेळी चढावर डावे चाक पुन्हा फिरू लागले, तेव्हा अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पाय उचलला, चाक थांबू दिले, आणि मग हळू पुढे घेतली.

तुटलेल्या शाफ्टचा लांब तुकडा मी मिस्त्रीकडून मागून आणला होता, वर्गात दाखवायला म्हणून. तो अण्णांनी ठेवून घेतला. ज्या टोकाला गुळगुळीत भेग होती ते टोक लोहाराकडून ठोकून घेऊन त्यांनी गोठ्यापुढे जमिनीत गाडला आहे. त्याला सध्या गाय बांधतात.